आलेख

यशवंत सागरच्या पातळीचे बारा महिन्यांचे आकडे
मी चौकसेच्या हाती दिले.
सोमवारपर्यंत याचा आलेख हवा, म्हटलं.
हिंदीतच म्हटलं. इंदूरच्या जलप्रदाय विभागात
दुसरं काय बोलणार?
फक्त तो एक शब्द माझ्या घरचा होता.

सोमवारी त्याने तीन पानं आणली.
फुलस्केप, डावीकडे समास सोडलेला,
शीर्षक लाल शाईत, खाली दुहेरी रेघ.
‘आलेख तैयार है, मैडम.’
निबंध होता.

त्यांचा आलेख म्हणजे लेख, हे मला माहीत नव्हतं
असं नाही. जन्म इथलाच.
पण शब्द जिभेवर येतो तेव्हा
जकात नाक्यावर थांबून पावती फाडत नाही.

मला भुस्कुटे सर आठवले, रामबागेतल्या शाळेतले.
गणिताच्या तासाला व्याकरणात शिरायचे.
लिख् म्हणजे ओरखडणे, ते म्हणाले,
लिहिणं फार नंतरचं, आधी नुसता ओरखडा.
आणि आ म्हणजे जवळ जाऊन, थेट कडेपर्यंत.
कंपासचं टोक घेऊन त्यांनी
माझ्याच बाकावर करून दाखवलं, कर्रर्र.
‘ग्राफ म्हणणारे ग्रीकसुद्धा हेच करत होते, पोरी,
त्यांनी वेगळा दगड घेतला एवढंच.’
बाक खराब झाल्याचे चार रुपये
शाळेने अण्णांकडून घेतले.

नंतर हा शब्द कुठे कुठे भेटला.
जुन्या कोशात आलेख्य म्हणजे चित्र,
भिंतीवर काढलेलं, बहुधा एखाद्या बाईचं.
सत्काराच्या भाषणात ‘कारकिर्दीचा चढता आलेख’,
आणि ज्याचा सत्कार तो शालीखाली घामाने ओला,
त्याच्या बढतीची फाईल मीच चार वर्षं
खालच्या कप्प्यात पाहिलेली.
एम.वाय.च्या तिसऱ्या मजल्यावर
अण्णांच्या पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेला:
सकाळ, दुपार, रात्र, निळे ठिपके,
जोडणारी रेघ कोट्टायमच्या सिस्टरची, फार सुबक.
मी रोज आधी ती रेघ बघायची, मग अण्णांना.
एका गुरुवारी ठिपका दुपारपर्यंतच होता.
पुढचे चौकोन छापील.

तर चौकसेची पानं.
रागवायचं म्हणून चष्मा लावला.
तलाव कोणी बांधला, कमळं कुठे फुटतात,
हिवाळ्यात कोणते पक्षी उतरतात,
देपालपूरला त्याच्या मामांची होडी कशी अडकली,
सगळं होतं, आकडा एकही नव्हता.
मग दुसऱ्या पानाच्या तळाशी हे:
‘जेठ में तालाब अपनी तली गिनता है.’

मी काही बोलले नाही.
खजुरी बाजारातून ग्राफ पेपर आणवला,
मिलिमीटरचा, नारिंगी रेघांचा,
आडवे महिने, उभे फूट,
आणि पेन्सिलने ठिपके द्यायला बसले.
ऑगस्टात चढ. सप्टेंबरात पठार.
दिवाळीनंतर जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी
एक पायरी, थांबा, एक पायरी.
जूनला पेन्सिल अगदी खाली टेकली
आणि मला खरंच वाटलं
कोणीतरी तळाचे दगड मोजतंय.

रेघेखाली, जूनच्या चौकोनाजवळ,
त्याचं वाक्य मी बारीक अक्षरात लिहिलं.
चौकसेला दाखवलं. तो म्हणाला,
‘अच्छा, ये वाला आलेख!’ आणि इतका हसला
की शेजारच्या नळजोडणीच्या टेबलावरचे
दोन माणसं वळून बघायला लागली.

आठ दिवसांनी कागद वरून परत आला.
हिरव्या शाईत शेरा: अनावश्यक मजकूर वगळावा.
वगळला. चांगलं खोडरबर होतं.
कागद खिडकीशी तिरका धरला
तर जूनजवळ अजून दिसतं, अक्षर नव्हे,
अक्षराची खाच.

झेरॉक्समध्ये ती आली नाही.